पोलादातला उलटा सेंट: अमेरिकेच्या पहिल्या तांब्याच्या नाण्यांचे ठसे कसे घडत

१८०१ सालच्या एका अमेरिकी सेंटची मागची बाजू भिंगाखाली धरली की नजर आधी तळाशी जाते. तिथे अपूर्णांक हवा १/१००, म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग. कोरलंय १/०००. मग वर बघावं, तर ‘युनायटेड’ या शब्दातला यू दोन आय शेजारी शेजारी उभे केल्यासारखा दिसतो. पानांच्या माळेला तळाशी दोन देठ हवेत, तिथे एकच आहे. ठसा म्हणजे नाणं पाडायचा पोलादी साचा. एका ठशात तीन चुका. तरीही तो ठसा तसाच कडक केला गेला, प्रेसवर चढला, त्याने नाणी पाडली आणि ती लोकांच्या खिशात फिरली.

मी तीसेक वर्षं टूलरूममध्ये प्रेसच्या डाय घडवल्या. नाण्यांचा नाद त्याहून जुना. हे नाणं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कारागिराला नावं ठेवावीशी वाटली नाहीत; तो ज्या क्रमाने काम करत गेला तो क्रमच डोळ्यांपुढे उभा राहिला. या नाण्यांवरची जवळजवळ प्रत्येक खूण ठसा घडवण्याच्या एखाद्या पायरीवर बोट ठेवते. म्हणून इथे पायऱ्या त्याच क्रमाने सांगतो आहे, आणि प्रत्येक पायरीची खूण नाण्यावर कुठे शोधायची तेही.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेच्या टांकसाळीचा कायदा २ एप्रिल १७९२ चा. फिलाडेल्फियात सेव्हन्थ स्ट्रीटवर टांकसाळ उभी राहिली, डेव्हिड रिटनहाउस पहिले संचालक झाले आणि हेन्री व्होइट नाणी पाडण्याच्या कामाचे प्रमुख. मार्च १७९३ च्या पहिल्या १२ दिवसांत ३६,१०३ सेंट तयार होऊन बाहेर पडले. मागच्या बाजूला १५ कड्यांची साखळी असलेले हे सेंट संग्राहकांमध्ये ‘चेन सेंट’ म्हणून ओळखले जातात. त्याच्याही आधी राज्यं आपापली तांब्याची नाणी पाडत होती. एकट्या कनेक्टिकटच्या नाण्यांचे ३०० हून अधिक ठसेभेद नोंदले गेले आहेत. मॅसेच्युसेट्सने १७८७ मध्ये जोसेफ कॅलेंडर या कोरक्याकडून ठसे घेतले, तेव्हा दर ठशाला २४ शिलिंग मोजावे लागत. ते परवडेना, म्हणून काम न्यूबरीपोर्टच्या जेकब पर्किन्सकडे गेलं, पाडलेल्या नाण्यांच्या १ टक्का मोबदल्यावर. ठसा ही केवढी महागडी वस्तू होती ते या एका हिशेबावरून कळतं. महाग वस्तू कोणी सहजासहजी फेकून देत नाही. १/००० चा ठसा प्रेसवर का चढला, याचं उत्तर बरंचसं इथेच आहे.

आधी उलट-सुलट पक्कं करा

नाण्यावर चित्र उठावाचं आणि सुलट असतं. म्हणजे ठशात ते खोलगट आणि उलटं, आरशात दिसावं तसं. ठशात ते खोलगट चित्र उमटवायला जो पंच वापरायचा, त्याच्या तोंडावर ते पुन्हा उठावाचं आणि सुलट, थेट नाण्यासारखं. पंच सुलट, ठसा उलटा, नाणं सुलट.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा लेटर पंचचा डबा बघितला असेल, तर इथे गोंधळ होण्याची शक्यता आहे. त्या पंचच्या तोंडावर अक्षर उलटं कोरलेलं असतं, कारण ते पत्र्यावर सरळ उमटायला हवं. नाण्याच्या ठशासाठीचे पंच बरोबर याच्या विरुद्ध.

पटवून घ्यायचं तर घरात करून बघा. लहान मुलांची फ्रिजला चिकटवायची चुंबकी इंग्रजी अक्षरं घ्या. ती सुलट आणि उठावाची असतात, म्हणजे नाण्याच्या पंचसारखीच. थोडी माती किंवा प्लॅस्टिसिन वाटीत सपाट थापा आणि वरच्या कमानीत ‘लिबर्टी’ हा शब्द त्या अक्षरांनी दाबत जा. मातीत प्रत्येक अक्षर उलटं पडेल, म्हणून शब्द उजवीकडून डावीकडे लावावा लागेल. शेवटी वाटीत प्लास्टर ऑफ पॅरिस ओता, सुकल्यावर काढा. हे तुमचं नाणं. पहिल्या प्रयत्नात एखादं अक्षर चुकलंच, तर तो तुकडा जपून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

पोलादाचा ठोकळा

भट्टीत पोलादाची कांब लाल करून ऐरणीवर घणाने ठोकत ठशाचा ठोकळा घडवला जाई. १७९६ मध्ये ॲडम एकफेल्टची नेमणूक ठसे ठोकण्याच्या आणि लेथवर कातण्याच्या कामासाठी झाली. पुढे १८१४ मध्ये हाच माणूस नाणी पाडण्याचा प्रमुख झाला. हे काम करणारा माणूस नाव घेऊन नेमावा लागे, इतकं ते वेगळं कसब होतं.

ठोकलेलं पोलाद कडक असतं आणि त्याच्या पोटात ताण साठलेला असतो. त्यावर कोरणी चालत नाही. म्हणून ठोकळा कोळशाच्या भुकटीत बंद करून तापवायचा आणि भट्टीबरोबरच हळूहळू थंड होऊ द्यायचा. आपण याला नरम करणं म्हणतो. मग लेथवर तोंड कातायचं, बारीक दगडाने घासून गुळगुळीत करायचं. पुढचं सगळं काम या नरम तोंडावर. या पायरीत घाई झाली, तर ती लगेच दिसत नाही. ती दिसते आठवड्यांनी, पाणी देताना.

आखणी

गुळगुळीत तोंडाच्या मध्यावर टोच्याने एक ठिपका. त्यात कंपासचं एक टोक रोवून वर्तुळं ओढायची: नाण्याच्या कडेने असणाऱ्या बारीक दात्यांसाठी एक, अक्षरांच्या माथ्यासाठी किंवा पायासाठी एक. रेघा इतक्या हलक्या की नंतर घासून पुसल्या जाव्यात.

सगळ्याच पुसल्या जात नसत. सेंटच्या मागच्या बाजूला, बरोबर मधोमध, ‘वन सेंट’ या शब्दांच्या आसपास एक बारीक उठावाचा ठिपका पुष्कळ नाण्यांवर सापडतो. तो कंपासच्या टोकाचा खड्डा. माझ्यासाठी ही सगळ्यात आवडती खूण आहे. दोनशे तीस वर्षांपूर्वी एका माणसाने कंपास टेकवला, ती जागा आपण अंगठ्याखाली चाचपू शकतो.

आखणी चुकली की काय होतं ते पहिल्याच ठशावर दिसतं. चेन सेंटच्या पहिल्या मागच्या ठशात देशाचं नाव गोलाकार मावलं नाही, आणि ‘अमेरिका’ चं ‘अमेरि.’ झालं, पुढे टिंब देऊन. दुसरा ठसा कोरताना अक्षरं नीट वाटून पूर्ण नाव बसवलं.

चेहरा

इथे दोन रस्ते होते. एक, लिबर्टीचं, म्हणजे स्वातंत्र्याचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं, डोकं थेट ठशात हाताने कोरायचं. चेन सेंटची डोकी तशीच कोरली गेली, म्हणून प्रत्येक ठशावरची बाई थोडी निराळी. दुसरा रस्ता, डोकं एकदाच पोलादी पंचवर उठावात घडवायचं, तो पंच कडक करायचा आणि स्क्रू प्रेसने किंवा घणाच्या ठोक्यांनी नरम ठशात दाबायचा. एवढं मोठं चित्र एका दाबात पूर्ण उतरत नाही. दाबलं की पोलाद कठीण होतं. पुन्हा नरम करायचं, पंच तंतोतंत त्याच खळग्यात बसवायचा, पुन्हा दाबायचं. पंच केसभर सरकला तर हनुवटीची किंवा कपाळाची रेघ दुहेरी येते.

१७९३ मध्येच जोसेफ राइट या चित्रकार-कोरक्याने टोपी खांद्यामागे काठीवर अडकवलेली लिबर्टी आणली. त्याच वर्षी सप्टेंबरात फिलाडेल्फियातल्या पीतज्वराच्या साथीत तो गेला. नोव्हेंबरात रॉबर्ट स्कॉट कोरक्या म्हणून नेमला गेला. स्कॉटचा हात ताम्रपटावर छपाईसाठी कोरण्यात तयार झालेला. छपाईच्या पत्र्यावर रेघ असते, ठशात खोली लागते. गालाचा फुगीरपणा खोलगट आणि उलटा कोरणं हे रेघेच्या माणसाला नव्याने शिकावं लागतं. १७९४ पासून जॉन स्मिथ गार्डनर त्याचा मदतनीस होता.

पंच आला तरी बारीक काम हातानेच राहिलं. पंचने डोक्याचा मुख्य आकार उतरायचा. केसांच्या बटांची टोकं, काठी, एखादी झिजलेली रेघ कोरणीने पुरी करायची. म्हणून १७९४ चे सेंट ओळखताना संग्राहक कानामागच्या केसांची एकेक बट मोजत बसतात. त्या एका वर्षातच पन्नासहून अधिक ठसेजोड्या, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ठशाच्या जोड्या, नोंदल्या आहेत. १७९६ मध्ये खांद्यावर वस्त्र घेतलेली लिबर्टी आली आणि १८०७ पर्यंत चालली. १७९८ मध्ये तिचा नवा पंच घडला, त्यात खांद्याजवळ एक जादा बट आहे. त्या बटेवरून पंच जुना की नवा ते ठरतं.

अक्षरं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थांबूया.

प्रत्येक अक्षराचा स्वतंत्र पंच असे. डाव्या हाताच्या चिमटीत पंच उभा धरायचा, आखलेल्या वर्तुळावर त्याचा पाया टेकवायचा, उजव्या हाताने हातोड्याचा एक ठोका. ठोका हलका पडला तर अक्षर उथळ. पुन्हा मारायचं तर पंच त्याच खळग्यात बसायला हवा, नाहीतर अक्षराला सावली येते. पंच तिरका धरला तर एक कड खोल, एक फिकी. शेजारच्या अक्षराला लागून ठोका पडला तर धातू सरकतो आणि आधीचं अक्षर किंचित दबतं. यातलं सगळंच नाण्यावर वाचता येतं: दुहेरी पाया, वाकडं टी, एकमेकांना चिकटलेली अक्षरं.

आता ती प्रसिद्ध चूक. १७९६ च्या एका सेंटवर ‘लिबर्टी’ च्या जागी ‘लिहर्टी’ वाचता येतं, म्हणजे बी च्या ठिकाणी एच. झालं असं, की बी चा पंच आधी डोक्यावर पडला, चूक लक्षात आली, आणि त्याच जागी सरळ बी पुन्हा मारला. एकाची उभी रेघ उजवीकडे, दुसऱ्याची डावीकडे, मध्ये आडवी जोड. दोन्ही मिळून एच.

पण बी च का चुकावा? टूलरूमची सवय असलेल्या माणसाला याचं उत्तर ठशाकडे बघितल्यावर मिळतं. ठशात बरोबर बी कसा दिसतो? उलटा, म्हणजे उभी रेघ उजवीकडे. पंच डोक्यावर फिरला तर ठशात उभी रेघ डावीकडे येते, आणि बी ची वरची-खालची पोटं जवळपास सारखीच असल्याने ते अक्षर आपल्या रोजच्या वाचनातल्या बी सारखं दिसतं! डोळा म्हणतो, ठीक आहे. डोळ्याला वाचायची सवय आहे, आणि इथे ती सवयच दगा देते. ई, डी आणि सी यांनाही हाच धोका. आय, एन, ओ ही अक्षरं अर्धा फेरा फिरवली तरी तशीच राहतात, त्यामुळे तिथे चूक होऊनही कळत नाही. तुमच्या मातीच्या वाटीत कोणतं अक्षर चुकलं होतं, ते आता काढून बघा.

पंच झिजतात, त्यांचे कोपरे तुटतात. तुटलेल्या टी चा एक पाय ज्या ज्या ठशात तसाच तुटलेला उमटला, ते सगळे ठसे त्या तुटण्यानंतरचे. राज्यांच्या नाण्यांमध्ये कोणते ठसे एकाच कारखान्यातले, हे शोधायला अभ्यासक याच खुणेचा आधार घेतात. गुन्ह्याच्या तपासात टाइपरायटरचं एखादं वाकडं अक्षर पकडतात, त्यातलाच हा प्रकार.

साल

आकड्यांचेही पंच. पण पोलाद महाग आणि ठसे खपतील की नाही याची खात्री नाही, म्हणून कधी कधी शेवटचा आकडा मोकळा ठेवून ठसा तयार करत. ‘१७९’ एवढंच मारलेला ठसा पडून राहिला आणि शतक उलटलं, तर? १८०० च्या काही सेंटवर आठ आणि शून्याच्या खाली जुने सात आणि नऊ दिसतात. अशाच एका ठशात पूर्ण १७९८ होतं, त्यावर १८०० मारलं. १७९९ वर खाली आठ, १८०७ वर खाली सहा, १८१० वर खाली नऊ, असे नमुने पुढेही सापडतात. जुना आकडा कोरणीने किंवा घासून पुसट करायचा, वर नवा ठोकायचा. खोल गेलेला आकडा पूर्ण पुसत नाही. भिंग तिरकं करून, एका बाजूने उजेड पाडून बघितलं की खालचा आकडा वर येतो.

अपूर्णांकाचं तसंच. १/००० ही चूक १८०१ बरोबर संपली नाही, १८०२ च्या एका ठशातही ती आहे. आणि १८०१ चाच एक ठसा असा आहे, की पहिलं शून्य मारल्यावर कारागिराच्या लक्षात आलं आणि त्याने त्यावर एक मारून १/१०० करून घेतला. त्या नाण्यावर एक आणि शून्य एकमेकांवर बसलेले दिसतात. चुकणारा माणूस आणि सुधारणारा माणूस एकच असावा असं मला वाटत राहतं.

माळ, देठ, दाते

मागच्या बाजूच्या माळेसाठी पुढे पंच आला, पण फळं आणि देठ हाताने घालायचं काम राहिलं. म्हणून एका ठशात फळं कमी, दुसऱ्यात जास्त. कुठे एकच देठ, तर १८०४ च्या अर्ध्या सेंटच्या काही ठशांत देठच नाहीत. कडेचे दाते एकेक करून मारायचे. हे कंटाळवाणं काम, पण १७९४ च्या एका ठशात कोणीतरी दात्यांच्या मधोमध ९४ बारीक चांदण्या ठोकून ठेवल्या आहेत. नाणं हातात आलं तरी भिंगाशिवाय त्या दिसणार नाहीत. चांदण्यांचा हा सेंट संग्राहकांच्या स्वप्नातलं नाणं आहे.

काम झालं की नरम ठशावर मेण किंवा मऊ शिसं दाबून छाप घ्यायची. ठशाकडे उलटं बघण्याऐवजी सुलट छापेत चूक लवकर सापडते. ही पायरी वगळली की लिहर्टीसारखं काहीतरी प्रेसपर्यंत जातं.

पाणी देणं

आतापर्यंत सगळं नरम पोलादावर. आता ते कडक करायचं. आपल्याकडे लोहार विळा-कुऱ्हाडीला ‘पाणी देतो’, तेच.

ठसा लोखंडी पेटीत हाडांच्या किंवा चामड्याच्या कोळशाच्या भुकटीत पुरायचा. तोंड थेट आगीला लागलं तर त्यावरचा कार्बन जळतो, पापुद्रा सुटतो, बारीक केस आणि दाते खराब होतात. भुकटीत पुरल्याने तोंड झाकलं जातं. मग पक्क्या लालसर रंगापर्यंत तापवायचं. आपण आज ७८० अंश सेल्सिअसच्या आसपास म्हणू. तेव्हा रंग हेच मापक होतं, आणि तो रंग ढगाळ दिवशी वेगळा दिसतो, भर उन्हात वेगळा.

मग पाणी. नुसतं बादलीत बुडवलं तर तोंडावर वाफेचा पडदा बसतो, कुठे कडक कुठे नरम राहतं. म्हणून तोंडावर जोराची धार सोडायची, जेणेकरून वाफ झटकली जाईल. ठशाच्या मध्यापेक्षा कडा लवकर थंड होतात. आत अजून लाल, बाहेर काळं, आणि दोघांची ओढाताण. याच क्षणी ठसा फुटतो.

तो आवाज मी ऐकला आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्यात तीन आठवडे घालून तयार केलेली डाय मी पाण्यात घातली आणि अगदी हलका, काच तडकल्यासारखा ‘टिक’ आला. बाहेर काढली तेव्हा वरून काही दिसत नव्हतं. पुसून रॉकेल लावलं, वर खडूची भुकटी टाकली, तेव्हा एक ओली रेघ कोपऱ्यातून मध्यापर्यंत उमटली. कोपरा जिथे तीक्ष्ण होता तिथूनच ती निघाली होती. म्हणून १७९० च्या दशकातल्या ठशाची तडा गेलेली कड बघताना मला त्या माणसांचं दुःख पोटातून कळतं. त्यांच्याकडे रंगाशिवाय मापक नव्हतं, पोलाद दर खेपेला वेगळं येई, आणि कोरण्याची सगळी मेहनत आधीच खर्ची पडलेली.

कडक झालेला ठसा तसाच वापरला तर ठिसूळ. पुन्हा हलकं तापवायचं. घासून चकाकवलेल्या पोलादावर फिकट गवती पिवळा रंग चढला, म्हणजे साधारण २०० ते २३० अंश, की थांबायचं. तोंड जरा कमी कडक होतं, पण फुटत नाही. उलट बाजूची चूक म्हणजे आतलं पोलाद मऊ राहणं. मग नाणी पाडता पाडता ठशाचं तोंड खचतं, आणि जिथे ठसा खचला तिथे नाण्यावर फुगवटा येतो.

प्रेसवर

स्क्रू प्रेस माणसं ओढत. वाफेवर नाणी पाडणं फिलाडेल्फियात १८३६ मध्ये सुरू झालं. दोन ठशांमध्ये तांब्याची कोरी चकती, लांब दांडा ओढला की वरचा ठसा खाली येऊन आदळतो.

चकती ठेवायची राहिली आणि ठसे एकमेकांवर आदळले, तर एकाची छाप दुसऱ्यावर उमटते. पुढच्या प्रत्येक नाण्यावर मग लिबर्टीच्या मानेजवळ माळेची पानं दिसतात. ती पुसायला ठशाचं तोंड पुन्हा घासत. पण घासताना उथळ रेघा उडून जातात. १७९५ च्या काही अर्ध्या सेंटवर लिबर्टीच्या टोपीची काठी नाही, कारण ठसा घासताना ती गेली. १७९६ च्या अर्ध्या सेंटचा एक ठसाही काठीविना आहे, पण तिथे काठी कोरायचीच राहिली. दोन्ही नाणी शेजारी ठेवली तर फरक कळतो: घासलेल्या ठशात बाकीच्या बारीक रेघाही पातळ होतात, विसरलेल्या ठशात बाकी सगळं ठसठशीत असतं. १७९६ चे अर्धे सेंट एकूण १,३९० च नोंदले गेले, त्यामुळे ही जोडी संग्रहालयात किंवा चांगल्या छायाचित्रांतच बघायची.

तड्यांचं बघायचं तर १८०४ चा सेंट घ्या. त्या वर्षाच्या सालाचे सगळे सेंट एकाच ठसेजोडीतून निघाले. सुरुवातीच्या नाण्यांवर दोन्ही कडा साफ. मग मागच्या ठशाची कड ‘अमेरिका’ या शब्दाच्या मधल्या अक्षरांवर तुटते, नाण्यावर तिथे तांब्याचा लगदा उमटतो. पुढच्या ठशाची कडही ‘लिबर्टी’ च्या शेवटच्या तीन अक्षरांवर तुटते. हे तुकडे बघून कुठलं नाणं आधी पडलं, कुठलं नंतर, हे सांगता येतं. त्याच वर्षीच्या अर्ध्या सेंटवर लिबर्टीच्या हनुवटीतून काटा निघालेला दिसतो. एखादा स्क्रू ठशावर दाबला गेल्याची ती खूण, आट्यांसकट.

कोऱ्या चकत्यांचा एक धागा आपल्याशी जोडलेला आहे. १७९७ पासून फिलाडेल्फियाने इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळच्या सोहो इथल्या मॅथ्यू बोल्टनच्या कारखान्यातून तांब्याच्या चकत्या मागवल्या. त्याच कारखान्यात १७९१ आणि १७९४ ची मुंबई इलाख्याची तराजू छापाची तांब्याची नाणी पाडली गेली होती. एकाच छताखाली मुंबईसाठी तयार नाणी आणि फिलाडेल्फियासाठी कोऱ्या चकत्या. जुन्या नाण्यांच्या ढिगात तराजू छाप सापडला की तो किरकोळ समजून बाजूला ठेवू नका. त्याचे ठसे त्या काळातल्या सर्वांत सफाईदार कामांपैकी आहेत.

हातातलं नाणं वाचायचं कसं

दहापट भिंग पुरे. एकच दिवा, बाजूने, जवळजवळ आडवा. नाणं फिरवायचं, दिवा नाही. पहिला प्रश्न नेहमी एकच: ही खूण नाण्याच्या पातळीच्या वर आहे की खाली? जे वर आहे, ते ठशात खोल होतं, म्हणजे ठशालाच झालं: तडा, कोरणीची निसटलेली रेघ, कंपासचा ठिपका, गंजाचा खड्डा. जे चित्राचा भाग नसून खाली गेलेलं आहे, ते बहुतेक नाण्याला नंतर लागलं. ही एक तपासणी पक्की झाली की निम्मे गैरसमज गळून पडतात, आणि बाजारात ‘ठशाची चूक’ म्हणून विकला जाणारा ओरखडा लगेच ओळखता येतो.

नंतर क्रम तोच ठेवा ज्या क्रमाने ठसा घडला: मध्यठिपका, डोक्याची बट, अक्षरांचे पाय, सालाखालचा जुना आकडा, देठ आणि फळं, शेवटी तडे. एकाच ठशाची दोन नाणी मिळाली तर तड्यांची लांबी ताडून त्यांचा क्रम लावायचा प्रयत्न करा. पुष्कळ ठशांच्या अशा अवस्था संग्राहकांनी १७९३ ते १८१४ या काळासाठी क्रमांक देऊन नोंदून ठेवल्या आहेत.

१८०४ चा सेंट दुर्मीळ, म्हणून त्याबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. टांकसाळीतून भंगारात गेलेले जुने ठसे नंतर खासगी हातात पडले आणि १८६० च्या सुमारास काहींनी त्यातून पुन्हा नाणी पाडली. पुढच्या बाजूला १८०३ च्या ठशातला तीन बदलून चार केला, मागे १८२० चा ठसा लावला. ठसे गंजलेले होते, म्हणून त्या नाण्यांवर चित्राभोवतीच्या मोकळ्या जागेत बारीक उठावाचे दाणे दिसतात. पण गंज तपासायच्याही आधी नाणं उलटं करा आणि माळेच्या तळाशी बघा. खऱ्या १८०४ च्या सेंटवर तिथे १/१०० असतो. १८२० पर्यंत हा अपूर्णांक नाण्यावरून गेला होता, त्यामुळे त्या नंतरच्या छापांवर ती जागा रिकामी आहे.